जुन्या वळणाचा हॉट रॉड रोडस्टर : कौतुक नेमकं कशाचं करायचं?

आडवाटेचा (धागाकर्ता)

मंडळी, गाड्यांवरचे धागे इथे 'कोणती एसयूव्ही घेऊ' नाहीतर 'किती देते' यावर येऊन संपतात. हा त्यातला नाही. हॉट रॉड म्हणजे वेगासाठी नको ते काढून, हवे ते भाग बदलून बांधलेली जुनी गाडी, आणि रोडस्टर म्हणजे उघडी दोन आसनी गाडी. या गाडीला टप नाही, दाराला काच नाही, मडगार्ड नाहीत आणि मायलेजचं नाव काढू नये.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात असतो. पोमोनाला दर हिवाळ्यात ग्रँड नॅशनल रोडस्टर शो भरतो. १९५० साली ओकलंडला सुरू झालेला, आता बरीच वर्षं पोमोनात. 'अमेरिकेतला सर्वांत सुंदर रोडस्टर' असा किताब देतात आणि सोबत ९ फुटी ट्रॉफी. आतल्या गाड्या खाली आरसे ठेवून मांडलेल्या असतात, कारण पोटाखालचा बोल्टसुद्धा चकचकीत असतो. त्या पाहून मी थकलो आणि बाहेर पार्किंगमध्ये आलो, तर तिथे एक जण आपली गाडी चालवत घेऊन आला होता.

१९३२ चा फोर्ड रोडस्टर. काळा. 'हायबॉय' म्हणतात त्या पद्धतीचा, म्हणजे बॉडी चासीच्या वर जिथे कारखान्याने बसवली होती तिथेच, फक्त मडगार्ड आणि पायऱ्या काढलेल्या. पुढची काच दोन-तीन इंच बुटकी केलेली. मागची चाकं मोठी, पुढची लहान, त्यामुळे गाडी उभी असतानाही नाकावर झुकलेली. तारांची १६ इंची लाल चाकं. मागचे दिवे १९३९ च्या फोर्डचे, थेंबाच्या आकाराचे. स्टिअरिंग १९४० च्या फोर्डचं. क्रोम अगदी मोजकं.

मालक विमान कारखान्यातून निवृत्त झालेले मशिनिस्ट. मी पुढच्या ॲक्सलजवळ उकिडवा बसलो तर म्हणाले, "खुशाल बघ, पण एकही नायलॉकचा नट सापडायचा नाही." (म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला आधुनिक नट.) खरंच नव्हता. सगळीकडे खाचांचे नट आणि त्यांतून ओवलेल्या कॉटर पिना, प्रत्येकीची टोकं एकाच बाजूला दुमडलेली. गाडी त्यांनी अलीकडेच पुरी केली आहे, पण १९५० नंतर बाजारात आलेली एकही वस्तू नजरेला पडणार नाही असं व्रत घेऊन.

मी पार वेडा झालो. तरी गाडी चालवत परत येताना प्रश्न पडलाच : हे मी कशाचं कौतुक करतोय? हे जुन्या गाडीचं जतन नाही, कारण ती कापली आहे. नवनिर्मिती म्हणावी तर सगळं ठरलेल्या वळणाचं. मग ही काय, उत्तम नक्कल? जाणकारांनी प्रकाश पाडावा. अजाणांनीही पाडावा, नाहीतरी पाडताच.

---

चकली

फोटो कुठाय? फोटोशिवाय गाडीचा धागा म्हणजे दंडनीय अपराध.

---

आडवाटेचा

त्यांनी अगोदरच सांगितलं, "नेटवर टाकू नकोस." मान राखतो. '१९३२ फोर्ड हायबॉय' शोधा, त्याच धाटणीच्या शेकडो दिसतील.

---

डिझेलभक्त

शोधलं. बैलगाडीला इंजिन लावल्यासारखी दिसते. लोकहो, रणगाडा फेकून मारू नका.

---

मी_टर्नर

डिझेलभक्त, रणगाडा नको, पण निदान चासी नीट बघा. १९३२ च्या फोर्डची खासियत तिथेच आहे. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत चासी झाकलेली असायची. या मॉडेलला चासीची बाजू उघडी ठेवली आणि तिच्या पत्र्यावर एक लांब उठावदार रेघ दाबून काढली. ती बॉडीच्या वळणाबरोबर पुढून मागे जाते. त्यामुळे मडगार्ड काढलं तरी गाडी नागडी दिसत नाही. इतर गाड्यांचं मडगार्ड काढून बघा, आतून नुसता चॅनेल निघतो, ट्रकचा असतो तसा.

ही गाडी या लोकांची लाडकी व्हायचं हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं बॉनेटखाली. मार्च १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८ (चार-चार सिलिंडरच्या दोन तिरक्या रांगांचं इंजिन) दिलं, ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. आठ सिलिंडर आणि क्रँककेस मिळून एकच ओतीव ब्लॉक. ज्यांनी फाउंड्रीत दिवस काढलेत त्यांना विचारा, त्या काळात असा ब्लॉक हजारोंनी ओतणं म्हणजे काय होतं. रोडस्टरची किंमत पाचशे डॉलरच्या आत. आठ सिलिंडर ही तोवर श्रीमंतांची चैन होती.

---

खडूस_पुणेकर

माहिती छान. पण धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सरळ आहे. नक्कलच.

ज्या पोरांनी १९४६-४८ साली या गाड्या बांधल्या ती काही 'पारंपरिक' वगैरे करत नव्हती. हाताला लागेल ते सर्वांत नवं आणि सर्वांत वेगवान ते बसवत होती. १९४९ ला कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिलची नवी ओव्हरहेड व्हॉल्व्हची (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर, हेडमध्ये असलेली) व्ही-८ आली, १९५५ ला शेव्हरोलेचं लहान व्ही-८ आलं, आणि याच पोरांनी फोर्डची इंजिनं कोपऱ्यात टाकून दिली. कुणी अश्रू ढाळले नाहीत. म्हणजे जुन्याला चिकटून राहणं हे त्या मूळ लोकांच्या स्वभावाच्या नेमकं उलट आहे. तुमचे म्हातारबुवा त्यांचे कपडे घालून फिरताहेत, त्यांचं डोकं घेऊन नव्हे.

---

बत्तीस_दात

खडूस काका सकाळी चहा न पिता आले वाटतं.

---

खडूस_पुणेकर

प्यालो आहे. दोन कप. मत तेच आहे.

---

घिसाडी

खडूसरावांचा मुद्दा वजनदार आहे, हसण्यावारी नेऊ नका. पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. हे वळण आलं कुठून ते आधी बघू.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोजावी वाळवंटात कोरडी तळी आहेत. म्युरॉक, एल मिराज. पावसाळ्यात वीतभर पाणी, एरवी मैलोन्मैल सपाट, टणक माती. पोरं तिथे गाड्या पळवायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, वेळ मोजायची रीतसर सोय केली. महायुद्धात म्युरॉक लष्कराकडे गेलं (आजचा एडवर्ड्स हवाई तळ तोच), मग मंडळी एल मिराजला गेली, आणि १९४९ पासून युटातल्या बॉनव्हिलच्या मिठावर.

आता गाडीकडे बघा. मडगार्ड का नाहीत? वजन आणि वारा. काच बुटकी का? वारा. मागची चाकं मोठी का? चाक मोठं झालं की इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे गिअर न बदलता वेग. नाकावर झुकलेली का? मागची मोठी, पुढची लहान, आणि पुढचा ॲक्सल तापवून वाकवून खाली आणलेला. रोडस्टरच का? हलका, आणि जुन्या बाजारात सर्वांत स्वस्त, कारण थंडीवाऱ्यात बिनकाचेची गाडी सज्जन माणसाला नको असते. सुरुवातीच्या वर्षांत या संघटनेच्या शर्यतीत टपवाल्या कूपे गाड्यांना घेतही नव्हते.

म्हणजे यातली एकही रेघ 'छान दिसते' म्हणून आलेली नाही. छान दिसणं मागाहून आलं.

---

चकली

हा प्रतिसाद वाचनखुणांत टाकला. घिसाडी, तुम्ही वेगळा लेखच का लिहीत नाही?

---

घिसाडी

लेख लिहिला की लोक शुद्धलेखन काढतात. प्रतिसादात चालून जातं.

---

फुलपाखरी_चष्मा

गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, तरी वाचतेय. एक प्रश्न : या सगळ्यात बायका कुठेच नव्हत्या का? की नेहमीप्रमाणे डबे करून देत होत्या?

---

घिसाडी

होत्या. कमी होत्या. व्हिडा ऑर यांचं नाव आधी घ्यावं लागेल. त्या नवऱ्याबरोबर तळ्यांवर जायच्या आणि स्वतः गाडी पळवायच्या. या संघटनेत शर्यतीला उतरलेली पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. युद्धात क्लबांतली पोरं परदेशी आघाड्यांवर गेली तेव्हा संघटनेचं वार्तापत्र त्यांनी चालू ठेवलं, पार पॅसिफिकमधल्या पोरांपर्यंत पाठवलं. युद्धानंतर हा छंद इतक्या झटकन उभा राहिला त्यात त्या पत्रांचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

---

फुलपाखरी_चष्मा

हे भारी आहे. धन्स. गाडीपेक्षा मला हे आवडलं.

---

लांबी_पट्टी

माझं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप होतं, आता मुलगा बघतो. तेव्हा माझ्या खात्यातलं विचारतो. धागाकर्ते, बॉडीत लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) किती होती? काळा रंग म्हणजे पेंटरची परीक्षा. पांढऱ्यात सगळं खपतं. काळ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारावरून मागे नेत जायचं, जिथे रेघ लचकली तिथे पत्रा लाटलेला आहे.

---

आडवाटेचा

लांबीकाका, मी तेच विचारलं होतं. लांबी नाहीच म्हणाले. जुन्या पद्धतीने शिसं भरलंय. पत्र्याला आधी कल्हई, मग शिशा-कथलाची कांडी ज्योतीवर मऊ करून लाकडी पाटीने थापायची आणि अर्धगोल कानशीने उतरवायची. त्या पाटीला मेण नाहीतर चरबी लावतात, म्हणजे शिसं चिकटत नाही. आणि बॉडी १९३२ चीच आहे, नवी नाही.

प्रतिबिंबाची परीक्षा मी पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबावर घेतली. खांब दारावरून मागच्या पॅनेलवर सरळ गेला. फक्त दाराच्या फटीपाशी तुटला, तेवढंच.

---

लांबी_पट्टी

मग उठून नमस्कार करा त्या माणसाला. शिसं तापवताना जरा हात जड झाला की पातळ पत्रा पापडासारखा लहरतो आणि पुन्हा जागेवर येत नाही. आमच्या उस्तादांना यायचं ते. आम्ही शिकलो नाही, कारण डब्यातली लांबी स्वस्त आणि गिऱ्हाईक घाईत.

---

आरटीओ_पीडित

सगळं ठीक, पण हे आपल्याकडे करायला गेलात तर काय होईल ते मी सांगतो, कारण भोगलंय.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. बरं, ५० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आले, 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते, पण तिथे अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नकोत. म्हणजे हॉट रॉड ना इकडचा ना तिकडचा. व्हिंटेजवाले म्हणणार तुम्ही गाडी बाटवली, आणि आरटीओ म्हणणार तुम्ही कायदा मोडला.

---

डिझेलभक्त

काय भोगलंत ते सांगा की, उत्सुकता ताणू नका.

---

आरटीओ_पीडित

जुन्या जीपला दुसरं इंजिन टाकलं होतं. बाकी तपशील देत नाही, बीपी वाढतं.

---

आडवाटेचा

कॅलिफोर्नियातही सगळं मोकळं रान नाही. १९७५ आणि आधीच्या गाड्यांना धुराची चाचणी लागत नाही, पण घरी बांधलेली गाडी नवीन म्हणून नोंदवायची असेल तर भानगड आहे. दरवर्षी पहिल्या ५०० अर्जदारांना खास सवलतीचं प्रमाणपत्र मिळतं. जानेवारी उजाडला की झुंबड. म्हणूनच १९३२ चे अस्सल कागद असलेली गंजकी चासीसुद्धा लोक सोन्याच्या भावाने घेतात.

---

साडेतीनचाकी

मी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या रॅल्यांना जाणारा, आणि माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. १९३२ ची मूळ गाडी आज जगात उरल्यात किती, आणि तिच्यावर करवत? काच कापली, ॲक्सल वाकवला, इंजिन बदललं, ब्रेक बदलले. आपल्याकडे लोक एका मूळ हेडलाइटच्या रिंगसाठी चोरबाजारात वर्षं घालवतात. त्यांना हे दाखवलं तर रडतील.

फोर्डची भारतातली कंपनी १९२६ ची, कॅनडाच्या फोर्डच्या हाताखाली. जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ मध्ये कारखाना घातला. त्या काळी जुळणी होऊन बाहेर पडलेल्या गाड्यांतल्या आज बोटांवर मोजण्याइतक्या दिसतात. जे उरलंय ते जपावं, एवढंच म्हणणं.

---

मी_टर्नर

साडेतीनचाकी, मूळ गाडी मूळ अवस्थेत हाती लागली तर तिला हात लावू नये, शंभर टक्के सहमत. अमेरिकेतले शहाणे हॉट रॉडवालेही हल्ली तेच म्हणतात. म्हणूनच ओहायोत ब्रुकव्हिल नावाची कंपनी १९३२ च्या रोडस्टरची पोलादी बॉडी आजही नवी कोरी दाबून विकते. करवत चालवायची तर तिच्यावर चालवा.

पण १९४५ साली ती 'वारसा' नव्हती हो. मंदीतली स्वस्त गाडी, तेरा वर्षं वापरून पिळून काढलेली. त्या पोरांनी नेल्या नसत्या तर भट्टीत गेल्या असत्या. गंमत अशी की त्यांच्यापैकी काही आता स्वतःच वारसा झाल्या आहेत. डोअन स्पेन्सर यांनी चाळीसच्या दशकात बांधलेला १९३२ चा रोडस्टर १९९७ साली पेबल बीचला, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या उंची जुन्या गाड्यांच्या मानाच्या प्रदर्शनात, उभा होता. बुगाटी आणि ड्यूसेनबर्गच्या शेजारच्या त्या हिरवळीवर त्या साली पहिल्यांदा हॉट रॉडचा वर्ग ठेवला, आणि पहिला नंबर त्याचाच. कापलेली गाडी, आणि ती जशी कापली होती तशीच काळजीपूर्वक जीर्णोद्धार केलेली. आता सांगा, ही मूळ की बदललेली?

---

साडेतीनचाकी

हम्म. स्पेन्सरच्या गाडीपुरतं मान्य. ती ऐतिहासिक वस्तू आहे. धागाकर्त्याच्या म्हातारबुवांची नाही.

---

बत्तीस_दात

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

---

घाटावरची

अवांतर : आजोबा दुसऱ्या महायुद्धात लष्करी ट्रकवर ड्रायव्हर होते. ट्रक कुठल्या कंपनीचा ते घरात कुणालाच माहीत नाही. पण ते सांगायचे की घाट चढताना बॉनेटवर ओलं गोणपाट टाकायचे आणि प्रत्येक वळणाला थांबून इंजिनाला हात जोडायचे. या फोर्डच्या इंजिनाबद्दलही तापतं असं वाचलं. खरं का?

---

मी_टर्नर

खरं, आणि कारण मजेशीर आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला असतात. हेड म्हणजे नुसतं झाकण, म्हणून त्याला फ्लॅटहेड म्हणतात. आता दोन्ही रांगांचे व्हॉल्व्ह आतल्या बाजूला, मधल्या दरीत. पण धूर सोडायचा बाहेरच्या बाजूला. मग जळका वायू न्यायचा कुठून? सिलिंडरांच्या मधून, ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जॅकेटला चाटून. म्हणजे रेडिएटरला इंजिन तर गार करायचंच, वर सायलेन्सरही गार करायचा.

त्यात प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच भोक. म्हणून चार सिलिंडरच्या रांगेला बाहेर तीनच पाइप दिसतात. कुठल्याही जुन्या हॉट रॉडच्या बाजूला उभं राहून पाइप मोजा. तीन असतील तर आत फ्लॅटहेड.

---

डिझेलभक्त

म्हणजे इंजिन मुळातच चुकीचं डिझाइन केलेलं. आणि तुम्ही त्याची आरती ओवाळताय.

---

मी_टर्नर

चुकीचं नाही, स्वस्त. हेडमध्ये व्हॉल्व्ह दिले असते तर रॉकर, पुशरॉड सगळं आलं असतं आणि गाडी पाचशे डॉलरमध्ये बसली नसती.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा धागा सोडत नाहीये तो मांडतो. हॉट रॉड शक्य झाला तो हेन्री फोर्डच्या हट्टामुळे. स्प्रिंगच्या पाट्यांचा आडवा एकच संच पुढे आणि एकच मागे, सरळ ॲक्सल, बंद नळीतून जाणारा प्रोपेलर शाफ्ट, ही मांडणी त्यांनी १९४८ पर्यंत सोडली नाही. बाकी जग स्वतंत्र सस्पेन्शनकडे गेलं, हे आडव्या पाट्यांवरच. ब्रेकला तर १९३८ पर्यंत तारा-दांडे, तेलाचे ब्रेक १९३९ मध्ये आले. अभियंते वैतागत असतील, पण परिणाम काय झाला? १९३२ च्या गाडीला १९३९ चा गिअरबॉक्स थोड्या खटपटीने लागतो. १९४० चे ब्रेक लागतात. १९४६ चं ३.९ लिटरचं, शंभर अश्वशक्तीचं इंजिन त्याच जागेत बसतं. त्यात १९४९ च्या मर्क्युरीचा (फोर्डचाच वरच्या किमतीचा ब्रँड) ४ इंची स्ट्रोकचा क्रँक बसतो. भंगारवाड्यात सोळा-सतरा वर्षांतल्या वेगवेगळ्या सालांच्या फोर्ड पडलेल्या आणि सगळ्यांचे भाग एकमेकांना ओळखतात. गरीब पोराला आणखी काय हवं?

---

घिसाडी

क्या बात! हा मुद्दा मी कुठेच इतक्या सरळ वाचला नव्हता.

---

आडवाटेचा

मी_टर्नर, एकदम पटलं. त्यांच्या गाडीत नेमकी हीच यादी होती. १९४६-४८ चा ब्लॉक, मर्क्युरीचा क्रँक, एडेलब्रॉकचे पंख्यांसारख्या पात्यांचे ॲल्युमिनियम हेड, वर दोन स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्बुरेटर. (९७ म्हणजे गळ्याचा व्यास ०.९७ इंच, हे त्यांनीच सांगितलं.) गिअरबॉक्स १९३९ चा. मागे हॅलिब्रँडचं क्विक-चेंज.

---

लांबी_पट्टी

क्विक-चेंज काय प्रकार?

---

आडवाटेचा

मागच्या डिफरन्शियलला पाठीमागे एक जादा खोका असतो. त्यात दोन सरळ दातांचे गिअर. मागचं झाकण काढायचं, ते दोन गिअर ओढायचे, उलटसुलट करून किंवा दुसरी जोडी घालून झाकण लावायचं. क्राउन-पिनियनला (डिफरन्शियलच्या मुख्य गिअरजोडीला) हात न लावता गाडीचं अंतिम गुणोत्तर बदललं. सकाळी रस्त्यासाठी एक जोडी, दुपारी शर्यतीसाठी दुसरी. सरळ दात असल्याने चालताना एक बारीक शीळ वाजते. पार्किंगमध्ये गाडी यायच्या आधी ती शीळ आली आणि आजूबाजूच्या चारपाच म्हाताऱ्यांनी एकदम माना वळवल्या.

---

मी_टर्नर

असा खोका कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नमुना दाखवला तर आठवड्यात करून देतील. आणि वर विचारतील, "दुसरा कुठाय? एकाचा रेट परवडत नाही."

---

खडूस_पुणेकर

परत मूळ मुद्द्यावर येऊ. टर्नर यांनी जे सांगितलं त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. ती पोरं भंगारातून उचलत होती. आज तेच दोन स्ट्रॉम्बर्ग विकत घ्यायला गेलात तर नवा मोबाइल येईल. गरिबीतून आलेली शैली श्रीमंतीत जपणं, यात काहीतरी खोटं नाही का? आणि तो 'रॅट रॉड' प्रकार तर विचारूच नका. मुद्दाम गंज चढवतात, मीठ-पाणी मारून.

---

घिसाडी

रॅट रॉडबाबत तुमच्याशी शंभर टक्के सहमत, आणि जुन्या वळणाचे लोकही त्यावर नाक मुरडतात. त्या जुन्या पोरांना गंज नको होता. पैसे आले की ती आधी रंग मारायची. १९५० च्या पहिल्या ओकलंड शोमध्ये किताब मिळालेली बिल नीकॅम्प यांची १९२९ ची गाडी बघा, चित्रासारखी नीटस आहे, आणि तीही घरी बांधलेली.

पण 'खोटं' हा शब्द जड झाला. बंदिश शंभर वर्षांपूर्वीची असते, गाणारा आजचा. त्याला आपण नकलाकार म्हणत नाही.

---

बत्तीस_दात

आला! आला! शास्त्रीय संगीताचा दाखला आला! या संस्थळावर नळदुरुस्तीचा धागासुद्धा शेवटी ग्वाल्हेर घराण्यावर जातो.

---

खडूस_पुणेकर

शिवाय दाखला चुकीचा आहे. बंदिश जुनी असली तरी गायक दर वेळी नवं गातो. हे बुवा नटसुद्धा नवा लावायला तयार नाहीत. तुमची उपमा माझ्याच बाजूने साक्ष देते.

---

घिसाडी

शब्द मागे घेत नाही, पण उपमा मागे घेतो.

---

सान_होजे_वासी

मी मुलाबरोबर अशीच एक बांधतोय, १९२९ च्या फोर्ड मॉडेल-ए ची बॉडी १९३२ च्या चासीवर. खडूसरावांना करणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

बाहेरून वाटतं की सगळं ठरलेलं आहे, करायचंय काय? प्रत्यक्षात रोज भांडण. पुढची काच किती कापायची? दोन इंचांनी काहीच वाटत नाही, चार इंचांनी चालवणारा चिलखती गाडीत बसल्यासारखा दिसतो. ॲक्सल किती खाली? रेडिएटरची जाळी एक इंच खाली घेतली की बॉनेटची रेघ बदलते, रेघ बदलली की बॉनेट पुन्हा नवं, मग काच उंच वाटायला लागते, परत पहिल्यापासून. हेडलाइट एक इंच वर गेले की गाडी बेडकासारखी दिसते. तीच मोजकी वीस-पंचवीस ठिकाणं, तेच भाग, आणि तरी दहा गाड्या रांगेत लावल्या तर नऊ बऱ्या आणि एक अशी की पाय उचलत नाही. फरक या निर्णयांचा असतो. वापरायला सगळं जग मोकळं दिलं तर तो फरक दिसतच नाही. नवं इंजिन, नवी चाकं यांच्या गर्दीत बुडतो.

आणि जाता जाता : आमच्या गाडीत डायनॅमोच्या जुन्या डब्यात आधुनिक अल्टरनेटर लपवलाय आणि ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट आहे. मुलगा म्हणाला, "बाबा, कुणाला दिसणार नाही." मी म्हटलं, दिसणार नाही, चालेल.

---

साडेतीनचाकी

हा प्रतिसाद प्रामाणिक. विरोध कायम, पण कमी झालाय.

---

खडूस_पुणेकर

अल्टरनेटर लपवलात? मग तुम्ही माझ्याच पक्षातले. त्या पोरांनीही हेच केलं असतं.

बाकी वीस-पंचवीस निर्णयांचा मुद्दा... ठीक आहे, यावर मला लगेच उत्तर सुचत नाही. 'नक्कल' हा शब्द म्हातारबुवांपुरता स्थगित ठेवतो. स्थगित. रद्द नाही.

---

चकली

इतिहासात नोंद करा रे कुणीतरी!

---

आडवाटेचा

सान_होजे_वासी, मला जे धड मांडता येत नव्हतं ते तुम्ही बोललात. आतल्या हॉलमधल्या गाड्यांत मला पैसे दिसत होते, कारागिरीही दिसत होती, पण कुणी काय नाकारलं ते दिसत नव्हतं. इथे तेच आधी दिसलं. बॉनेट तिन्ही भागांसकट जागेवर होतं, म्हणजे एडेलब्रॉकचे ते देखणे हेड एरवी झाकलेलेच राहणार. कुणीही दुसरा असता तर बाजूचे पत्रे काढून मिरवले असते.

आणि आता तांत्रिक प्रश्न, नाहीतर धागा भावनिक होईल : दोन कार्बुरेटरपेक्षा तीन का नको? मी विचारलं तर नुसते हसले.

---

मी_टर्नर

कारण रस्त्यावर दोन भरपूर होतात. तीन ट्यून करायला बसलात तर रविवार गेला. तिन्हींच्या फ्लोटची पातळी सारखी, तिन्हींची लिंकेज एकाच क्षणी उघडायला हवी, एक जरी मागे राहिला तर इंजिन खोकतं. तीनचा मॅनिफोल्ड शोसाठी छान दिसतो, एवढंच.

---

सान_होजे_वासी

आमच्याकडे तीन आहेत. 😬

---

मी_टर्नर

मग रविवार मोकळे ठेवा. आणि मधला आधी जुळवा, बाजूचे दोन त्याच्यावर.